जीआरई ऑप्शनल आहे, मग द्यायची की नाही?

डेक्कन ते फर्ग्युसन रस्ता या पट्ट्यात परदेशी शिक्षणाचे क्लास दाटीवाटीनं उभे आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर जीआरईच्या गुणांचे '३३०+' असे आकडे झळकत असतात. त्या पाट्या वाचत घरी गेलेली मुलं रात्री अमेरिकी विद्यापीठांच्या वेबसाइट उघडतात, तर तिथं लिहिलेलं असतं 'जीआरई ऑप्शनल', म्हणजे एमएस-पीएचडीच्या प्रवेशासाठीची ही परीक्षा ऐच्छिक. काही ठिकाणी त्याच्याही पुढे जाऊन 'स्कोअर पाठवलात तरी आम्ही तो पाहणार नाही' असं असतं. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे विचारायला शेवटच्या वर्षाची मुलं दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात. पालकांचा प्रश्न जास्त रोकडा असतो: परीक्षेची फी बावीस हजारांच्या आसपास, वर क्लासचे पैसे वेगळे. घालायचे का?

मी शिकवतो आणि शिफारसपत्रं लिहितो, क्लास चालवत नाही. त्यामुळे मला जे समजलं आहे ते सरळ मांडतो. जीआरईचा स्कोअर प्रवेश मिळवून देत नाही. अर्जांच्या ढिगाऱ्यात तुमचा अर्ज बाजूला टाकला जाण्याची शक्यता तो कधी कमी करतो, कधी वाढवतो, आणि कधी त्याचा काहीच संबंध नसतो. यातलं तुमच्या बाबतीत काय खरं, हे तुम्ही कोणत्या विषयात, कोणत्या पदवीसाठी आणि कोणत्या कॉलेजमधून अर्ज करताय यावर ठरतं.

ही परीक्षा आली कुठून आणि मोजते काय

१९३६ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांनी कार्नेगी फाउंडेशनच्या साथीनं हा प्रयोग सुरू केला. वेगवेगळ्या कॉलेजांतून येणाऱ्या मुलांच्या गुणपत्रिका एकमेकींशी ताडता येत नव्हत्या, म्हणून सगळ्यांना एकच माप लावायचं, असा साधा विचार त्यामागे होता. १९४७ मध्ये ईटीएस ही संस्था स्थापन झाली आणि पुढे परीक्षा तिच्याकडे गेली. आजही तीच ती घेते.

सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा पुष्कळ आटोपशीर झाली आहे. आधी पावणेचार तास बसावं लागायचं, आता १ तास ५८ मिनिटं. एक निबंध, इंग्रजीचे २७ प्रश्न आणि गणिताचे २७ प्रश्न. इंग्रजीच्या भागाला मुलं वर्बल म्हणतात, गणिताच्या भागाला क्वांट. दोन्हीचे गुण १३० ते १७० च्या दरम्यान येतात. म्हणजे तळ शून्याचा नाही, १३० चा आहे. ३४० पैकी ३०० ऐकून आजी-आजोबा खूश होतात, त्यांना हे सांगायला हवं. दोन्ही विषयांचे प्रत्येकी दोन टप्पे असतात, आणि पहिला टप्पा जसा सोडवाल त्यानुसार दुसरा सोपा किंवा अवघड येतो.

गणित दहावी-अकरावीच्या पलीकडे जात नाही. मग अवघड काय? त्या धर्तीचा एक प्रश्न बघा. क्षचा वर्ग ९ आहे. पहिली राशी क्ष, दुसरी राशी ३. कोणती मोठी? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली हुशार मुलंसुद्धा पटकन 'दोन्ही सारख्या' म्हणतात. पण क्ष उणे ३ ही असू शकतो, तेव्हा दुसरी राशी मोठी ठरते. दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही, हे बरोबर उत्तर. इथं तपासली जाते ती घड्याळ चालू असताना गृहीतकं न धरण्याची सवय. ही सवय उपयोगाची आहे, यात शंका नाही. पण प्रयोगशाळेत सहा महिने एकच उपकरण नीट चालत नसताना तग धरणं वेगळं, आणि ते या परीक्षेत कुठेच मोजलं जात नाही.

१६० गुण: एकीकडे उत्तम, दुसरीकडे मध्यम

एमएचटी-सीईटीमुळे महाराष्ट्रातल्या घराघरात पर्सेंटाइल हा शब्द पोचला आहे, तरी टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत होतेच. ८५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ८५ टक्के लोक तुमच्या मागे आहेत. तुम्ही किती प्रश्न सोडवले, हे त्यातून कळत नाही. शेजारी कोण बसलं होतं त्यावर तो आकडा ठरतो.

जीआरईत याचा परिणाम फार ठळक दिसतो. वर्बलमध्ये १६० मिळाले तर तुम्ही ऐंशी पर्सेंटाइलच्या वर असता. क्वांटमध्ये तेच १६० मिळाले तर जेमतेम मध्यावर. क्वांटमध्ये १७० पैकी १७० मिळवणाऱ्यालाही आज साधारण ९१-९२ पर्सेंटाइल मिळतं. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच गुणांना ९७-९८ मिळायचं. परीक्षेला बसणारा समूह बदलला, हे त्याचं मोठं कारण. २०२२-२३ या वर्षात एकट्या भारतातून लाखाहून अधिक लोकांनी जीआरई दिली आणि त्यांत इंजिनिअर भरपूर. म्हणजे पुण्याच्या मुलाची गणितातली स्पर्धा बऱ्याच अंशी पुणे, हैदराबाद आणि चेन्नईच्याच मुलांशी आहे.

म्हणून दोन्हींची बेरीज करून '३२० आले' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. क्वांट १७० आणि वर्बल १५० हे ३२०, आणि दोन्हीकडे १६० हेही ३२०. कॉम्प्युटर सायन्सच्या विभागाला हे दोन अर्जदार अगदी वेगळे दिसतील. भागांचे गुण वेगवेगळे पाहा, असं ईटीएसनंही विद्यापीठांना सांगून ठेवलं आहे.

दोन गुणांचा फरक किती खरा?

तोच विद्यार्थी पुढच्या आठवड्यात पुन्हा बसला तर नेमके तेच गुण मिळणार नाहीत. झोप, प्रश्नांचा संच, एखादा अंदाज बरोबर लागणं, या सगळ्यानं आकडा थोडा हलतो. या हलण्याला मापनातली त्रुटी म्हणतात, आणि जीआरईच्या प्रत्येक भागात ती दोन गुणांच्या आसपास धरली जाते. १५९ आणि १६१ यांतला फरक त्यामुळे खरा आहे की योगायोग, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. एखाद्या ठरावीक गुणांची रेघ ओढून केवळ तेवढ्यावर कोणाला नाकारू नका, असं परीक्षा घेणारी संस्थाच बजावते.

तरीही अशा रेघा ओढल्या जात होत्या. एका विभागाकडे हजारो अर्ज आणि वाचायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्राध्यापक असले, की आकड्यावर गाळणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग ठरतो. मला या साऱ्या प्रकरणात खुपतं ते इथंच. ज्या मुलीच्या संशोधनाचं कोणीतरी पान उलटून पाहिलं असतं, तिचा अर्ज दोन गुणांसाठी उघडलाच जात नाही.

मग विद्यापीठांनी ती सोडायला का सुरुवात केली?

२०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांनी जीआरईच्या गाळणीवर थेट हल्ला चढवला. अमेरिकेत क्वांटच्या सरासरी गुणांत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे दिसतात, आणि गुणांची रेघ ओढली की तेच आधी बाहेर पडतात, असा त्यांचा मुद्दा होता. २०१६ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं पीएचडी प्रवेशासाठी ही अट काढा किंवा ऐच्छिक करा, अशी शिफारस केली. २०१७ मध्ये जीवशास्त्राच्या पीएचडीवरचे अभ्यास आले. आधीच प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांत ज्यांचा स्कोअर जास्त, त्यांनी जास्त शोधनिबंध लिहिले किंवा लवकर पीएचडी पूर्ण केली, असं काही त्यांत दिसलं नाही. मग २०२० मध्ये कोविड आला, परीक्षा केंद्रं बंद पडली आणि जे विभाग कुंपणावर होते त्यांनीही अट उठवली. ती पुष्कळांनी परत आणलीच नाही.

जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या बाबतीत पुढे गेले. अर्थशास्त्राचे अनेक नामांकित विभाग पीएचडीसाठी आजही क्वांट मागतात. गोखले इन्स्टिट्यूटमधून अर्थशास्त्रात एमए करणाऱ्या मुलीला आणि आघारकर संशोधन संस्थेत जीवशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला एकच सल्ला देऊन म्हणूनच चालत नाही.

'स्कोअरचा आणि यशाचा संबंध नाही, हे सिद्धच झालंय ना?'

या आक्षेपाला जरा वेळ द्यायला हवा, कारण हा मुद्दा वर्तमानपत्रांतूनही चुकीचा मांडला जातो.

पुण्यातलं एखादं ढोल-ताशा पथक घ्या. गणपतीच्या आधी दोन-अडीच महिने नदीपात्रात सराव सुरू होतो तेव्हा सुरुवातीला गर्दी होते. कमरेला ढोल बांधून तासभर उभं राहणं ज्यांना झेपत नाही, ते हळूहळू गळतात. उरलेल्यांचं पथक बनतं. आता विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात उभं राहून त्या वादकांची ताकद मोजली आणि कोण किती चांगलं वाजवतं याच्याशी ताडून पाहिली, तर संबंध जवळपास सापडणार नाही. म्हणून ढोल वाजवायला ताकद लागत नाही, असं कोणी म्हणेल का? ताकद नसलेले आधीच घरी गेलेत, ते मोजणीत आलेच नाहीत. त्यातून पथकप्रमुख एखाद्या किरकोळ अंगाच्या मुलीला ठेवून घेतो, ते तिचा ताल पक्का आहे म्हणूनच. अशा तीन-चार मुली पथकात असल्या, तर 'ताकद कमी ते चांगलं वाजवतात' असा उफराटा निष्कर्षही निघू शकेल.

पीएचडीच्या अभ्यासांत नेमकं हेच होतं. प्रवेश मिळालेल्यांचेच गुण तपासले जातात. नाकारलेल्यांना संधी मिळाली असती तर काय झालं असतं, हे कोणालाच पाहता येत नाही. शिवाय कमी स्कोअर असूनही घेतलेल्यांच्या अर्जात दुसरं काहीतरी दणदणीत असतं. २०१९ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये भौतिकशास्त्राच्या पीएचडीवर आलेल्या अभ्यासाला पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात याच अंगानं उत्तर दिलं गेलं. त्याआधी, २००१ मध्ये, कित्येक अभ्यास एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात जीआरईचा आणि पहिल्या वर्षातल्या गुणांचा मध्यम का होईना, पण संबंध दिसला होता.

माझं मत या सगळ्यातून असं बनलं आहे. वर्गातला अभ्यास पेलेल का, याचा थोडा अंदाज हा स्कोअर देतो. संशोधन जमेल का, याबद्दल तो जवळजवळ मुका आहे. आणि १५० ते १६५ या पट्ट्यातला फरक जितका बोलतो, तितका १६६ ते १७० मधला बोलत नाही.

पुण्यातून अर्ज करणाऱ्यासाठी गणित थोडं वेगळं

अमेरिकेतल्या चर्चेत एक गोष्ट सहसा येत नाही. तिथल्या प्राध्यापकाला तिथली कॉलेजं माहीत असतात. आपली नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत आणि पदवीवर नाव एकच, विद्यापीठाचं. सीओईपी २०२२ मध्ये स्वतः विद्यापीठ झालं. जुन्नर-बारामतीकडच्या एखाद्या लहान कॉलेजमधल्या मुलीचा ८.४ सीजीपीए आणि शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजमधल्या मुलाचा ८.४ सीजीपीए, हे दोन्ही कागद ओहायोतल्या एखाद्या समितीच्या टेबलावर जातात तेव्हा त्यांतला फरक सांगणारं तिथं कोणी नसतं. काही कॉलेजांत ८.४ म्हणजे वर्गात पहिली, काही ठिकाणी तिसावी.

अशा वेळी चांगला स्कोअर अनोळखी कॉलेजच्या मुलीची बाजू घेतो. पदवीपूर्व पातळीवर अमेरिकेतल्या एमआयटीनं २०२२ मध्ये सॅट परीक्षेची अट परत आणली तेव्हा हेच कारण दिलं होतं. ज्यांच्या शाळेत प्रगत अभ्यासक्रमच नसतात, अशा मुलांची तयारी ओळखायला या गुणांची मदत होते, असं त्यांचं म्हणणं. डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये तीच वाट धरली. तो प्रवेश वेगळा आणि परीक्षाही वेगळी, त्यामुळे जीआरईला तो निर्णय जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण परीक्षा काढून टाकली की गरीब आणि लहान गावातल्या मुलांचं आपोआप भलं होतं, हा समज त्यानं बराच हलवला. परीक्षा गेली की उरतं काय? कॉलेजचं नाव, इंटर्नशिप, ओळखीच्या प्रयोगशाळेतला अनुभव. हे सगळं कोथरूडच्या मुलाला भोरच्या मुलीपेक्षा सहज मिळतं.

फीचा मुद्दा मात्र खराच आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बावीस हजार ही काही घरांत महिन्याची अख्खी कमाई असते.

'ऑप्शनल म्हणतात, पण न पाठवल्यास संशय घेतील'

वेबसाइटवरचे शब्द नीट वाचा. तीन वेगळे प्रकार आहेत. 'आवश्यक' असेल तर प्रश्न मिटला. 'विचारात घेतला जाणार नाही' असेल तरीही मिटला, तिथं पाठवण्यासाठी एक रुपयाही खर्चू नका. एमआयटीच्या इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर सायन्स विभागाला तर ही परीक्षा लागतच नाही. गोंधळ उरतो मधल्या 'ऑप्शनल'चा, आणि हा गोंधळ विद्यापीठाच्या नव्हे तर विभागाच्या पानावर सुटतो. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे नियम दोन असतात.

ऑप्शनल असलेल्या ठिकाणी साधी रीत अशी ठेवावी: स्कोअर तुमच्या बाकीच्या कागदांपेक्षा तुमच्याबद्दल बरं बोलत असेल तर पाठवा, नाहीतर ठेवून द्या. इंजिनिअरिंगच्या मुलाचा क्वांट १५६ आला असेल तर तो मध्याच्या खाली आहे, पाठवून फायदा नाही. गणितात एक-दोन विषय राहिले होते आणि आता क्वांट १६८ आला, तर आवर्जून पाठवा. बायोटेकची मुलगी पीएचडीला अर्ज करत असेल आणि यादीतल्या बहुतेक ठिकाणी जीआरई मागत नसतील, तर ते तीन महिने प्रयोगशाळेत घालवणं जास्त मोलाचं.

एमएस आणि पीएचडी यांतही फरक करा. एमएसला बहुतेक मुलं स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशानं जातात, अर्ज प्रचंड येतात, आणि आकड्यांना तिथं जास्त वजन असतं. पीएचडीत विभाग तुमची फी भरतो, वर दरमहा विद्यावेतन देतो. एवढा पैसा ज्याच्यावर घालायचा त्याचं संशोधन, शिफारसपत्रं आणि एसओपी, म्हणजे स्वतःच्या हेतूबद्दलचा निबंध, हे प्राध्यापक बारकाईनं वाचतात.

इकडे भारतात वारं उलट्या दिशेनं

अमेरिकेत परीक्षेचं वजन घटत असताना आपल्याकडे ते वाढलं. मार्च २०२४ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ठरवलं, की नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशासाठी वापरता येतील. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर, बाकी पात्र उमेदवारांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा देत फिरणं वाचेल, हा हेतू चांगलाच होता. पण त्या नियमानंतरची पहिलीच परीक्षा १८ जून २०२४ ला झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्द झाली. नऊ लाखांहून जास्त उमेदवारांना ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. सगळं वजन एका परीक्षेवर टाकलं की ती परीक्षा अडली तर सगळंच अडतं.

पुणे विद्यापीठाच्याच आवारातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांची पद्धत मला जास्त पटते. लेखी परीक्षेतून मुलाखतीचं बोलावणं येतं, आणि मग समोर बसवून विद्यार्थी विचार कसा करतो ते पाहतात. लेखी परीक्षा तिथं दार उघडते, खुर्ची देत नाही.

ठरवलं असेल, तर तारखा आणि पैसे

पुढच्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रासाठी, पीएचडीचे बरेच अर्ज डिसेंबरात बंद होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परीक्षा दिली तर कमी गुण आल्यास पुन्हा बसायला वेळ उरतो. दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर लागतं आणि बारा महिन्यांत पाच वेळा बसता येतं. स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणजे नोकरी करून मग जायचं असेल तर शेवटच्या वर्षात, अभ्यासाची सवय असतानाच परीक्षा देऊन टाकणं सोयीचं. परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना स्कोअर मोफत पाठवता येतो, पुढच्या प्रत्येकाचे पैसे पडतात. अनेकदा दिली असेल तर कोणता प्रयत्न पाठवायचा हे तुम्ही निवडू शकता.

पण आधी यादी करा. दहा विभाग निवडा, प्रत्येकाचं पान उघडून 'आवश्यक', 'ऑप्शनल' की 'नको' हे एका वहीत लिहा. सात ठिकाणी 'नको' निघालं तर क्लासची फी भरायच्या आत ते कळलेलं बरं. आणि शिफारसपत्र मागायला सरांकडे-मॅडमकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावू नका. सप्टेंबरमध्येच या, प्रोजेक्ट रिपोर्ट बरोबर आणा, त्यातलं नेमकं कोणतं काम तुमच्या हातचं होतं ते सांगा. 'विद्यार्थी मेहनती आहे' एवढंच लिहिलेलं पत्र कोणाच्याच कामाला येत नाही, आणि तपशील दिला नाहीत तर आमच्याकडून तेवढंच लिहिलं जातं.